मॉनिटरचे आकडे आणि बाळाचं दुखणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं बाळ एनआयसीयूत किंवा एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता किंवा विशेष कक्षात ठेवलंय अशा नागपुरातल्या आईबाबांसाठी हे पान आहे, आणि काचेबाहेर डबा घेऊन बसलेल्या आज्यांसाठीही. डागा असो, मेडिकल असो, मेयो असो की धंतोलीतलं एखादं खासगी रुग्णालय, बाळाच्या डोक्याशी मॉनिटर असतो आणि तो बघून पडणारे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. मी नवजात शिशूंच्या विभागात डॉक्टर आहे. इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाळाचं काय करायचं हे त्याला तपासणारे डॉक्टरच सांगतील.

मॉनिटरवर दुखण्याचा आकडा कोणता?

असा आकडा नसतो. ठोके, सॅच्युरेशन (म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण), श्वास आणि कधीकधी बीपी, एवढंच तिथे दिसतं. यातलं एकही माप खास दुखण्यासाठी बनवलेलं नाही. दुखलं की ही सगळी मापं हलतात, म्हणून आम्ही ती वापरतो. पण ती इतर डझनभर कारणांनीही हलतात, आणि खरा घोळ तिथेच आहे. अलार्म म्हणजे दारावरची बेल समजा. कोण आलंय ते दार उघडल्याशिवाय कळत नाही.

दुखलं की बाळाच्या शरीरात नेमकं होतं काय?

शुगर तपासायला सिस्टर टाच टोचतात तेव्हा उभं राहू दिलं तर नीट बघा. सगळ्यात आधी पाय मागे खेचला जातो. मग भुवया खाली येऊन मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या कडेपासून ओठापर्यंतची घडी खोल होते. तोवर आतमध्ये ॲड्रिनलिन हे तणावाचं संप्रेरक सुटलेलं असतं. १४० वर असलेले ठोके १६०-१६५ वर जातात, बीपी चढतं, आणि बाळ रडण्याआधी क्षणभर श्वास रोखून धरतं. श्वास थांबल्यामुळे सॅच्युरेशन उतरतं. तळहात ओले होतात, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, डोक्यातला दाबही थोडा वाढतो. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीची आम्हाला जास्त धास्ती असते.

सॅच्युरेशनचा आकडा काही सेकंद उशिरा बदलतो. मशीन मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतं. म्हणून पुष्कळदा सुई निघालेली असते, सिस्टर कापूस दाबून उभ्या असतात, आणि तेव्हा कुठे आकडा ९० च्या खाली जातो. नातेवाइकांना वाटतं, आता काय झालं नवीन? नवीन काही झालेलं नसतं. अजून एक: प्रोब, म्हणजे सॅच्युरेशन मोजणारी पट्टी, त्याच पायाला असेल आणि बाळ लाथा झाडत असेल तर तो आकडा धरू नका. पडद्यावरची लाट वेडीवाकडी दिसत असताना खालचा आकडा खरा नसतो. प्रोब दुसऱ्या हातापायाला लावून टोचायचं, ही साधी शिस्त आहे. गर्दीच्या वॉर्डात ती कधीकधी राहून जाते.

ठोके १७० झाले. म्हणजे दुखतच असणार नं?

असेल, नसेलही. नवजात बाळाचे ठोके साधारण १२० ते १६० असतात. भूक लागली, ताप आला, लंगोट बदलला, रक्त कमी असलं, जंतुसंसर्ग झाला, तरी ते १७० च्या पुढे जातात. कमी दिवसांच्या बाळाने श्वास घ्यायला विसरू नये म्हणून कॅफिन देतात, त्यानेही ठोके वाढतात. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीआधी बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, त्यातल्या एका औषधाने ठोके आणि बीपी दोन्ही वाढू शकतात. आणि औषधानेच मोठी केलेली बाहुली दुखण्याबद्दल काहीही सांगत नाही, हे तर उघडच आहे.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात, नवतपात, ४५ अंशांच्या उन्हातून बाळाला दुपट्यात गुंडाळून ऑटोने आणलं की दारातच ठोके चढलेले असतात. कपडे सैल करून, दूध पाजून, थोडा वेळ थांबून पुन्हा मोजायचं. पहिल्याच आकड्यावरून दुखणं ठरवायला बसलं तर अर्ध्या गावाच्या बाळांना दुखण्याचं औषध द्यावं लागेल.

म्हणून आम्ही नुसता आकडा बघत नाही, तो कितीने बदलला ते बघतो: टोचण्याआधी किती होता, टोचल्यावर तीस सेकंदांत कुठवर गेला. आधीचा आकडा लिहिलेला नसेल तर नंतरच्याला फारसा अर्थ नाही.

मग दुखणं मोजतात कसं? चार्टवर ‘पिप’ लिहिलंय ते काय?

तो गुण देण्याचा एक तक्ता आहे. शरीराचे आकडे, चेहरा आणि बाळाची एकूण अवस्था त्यात एकत्र धरतात. कमी दिवसांच्या बाळांसाठी तो १९९६ साली आला आणि २०१४ साली सुधारला गेला. त्यात सात गोष्टी आहेत: ठोके, सॅच्युरेशन, भुवयांमधला फुगवटा, मिटलेले डोळे, नाक-ओठांमधली घडी, बाळ गर्भधारणेपासून मोजून किती आठवड्यांचं आहे, आणि टोचण्याआधी ते झोपलं होतं की जागं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त २१. सहापर्यंत म्हणजे दुखणं नाही किंवा अगदी थोडं, बाराच्या वर म्हणजे बरंच दुखतंय.

एक नमुना मांडून दाखवते. तीस आठवड्यांचं बाळ शांत झोपलंय. ठोके १४८, सॅच्युरेशन ९५. टाच टोचली. ठोके १६६ झाले, म्हणजे १८ ने वाढले: २ गुण. सॅच्युरेशन ९१ वर आलं: १ गुण. तीस सेकंदांपैकी बारा सेकंद भुवया फुगलेल्या होत्या: २. डोळेही तेवढाच वेळ मिटलेले: २. नाकाजवळची घडी पाच सेकंद: १. बेरीज ८. आता वरचे, म्हणजे जादा गुण बघा. बाळ तीस आठवड्यांचं आहे म्हणून २, आणि शांत झोपलेलं होतं म्हणून ३. एकूण १३.

हेच आकडे आणि हाच चेहरा पूर्ण दिवसांच्या, जागं राहून हातपाय हलवणाऱ्या बाळाचा असता तर गुण ८ वरच थांबले असते. लोकांना हे उलटं वाटतं. लहान बाळाला वरचे गुण कशासाठी? कारण चेहरा आवळायला आणि ठोके पळवायला अंगात ताकद लागते, आणि तीस आठवड्यांच्या, झोपलेल्या बाळाजवळ ती कमी असते. त्याने एवढंच दाखवलं याचा अर्थ त्याला एवढंच दुखलं असा नाही. माझ्या मते या तक्त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही आहे. मात्र आधीचं सगळं शून्य असेल, म्हणजे ठोके, सॅच्युरेशन आणि चेहरा यांतलं काहीच हललं नसेल, तर सुधारलेल्या तक्त्यात हे वरचे गुण देत नाहीत.

मॉनिटरच नसेल तर?

मग ‘निप्स’ नावाचा तक्ता. चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय, जागेपणा. एकूण गुण ७. यंत्र लागत नाही, बघणारा माणूस लागतो. ऑपरेशन झालेल्या बाळांसाठी ‘क्राइज’ नावाचा दहा गुणांचा आणखी एक तक्ता आहे. सॅच्युरेशन ९५ च्या वर ठेवायला ऑक्सिजन किती लागतो हेही त्यात मोजलं जातं.

आमचं बाळ रडतच नाही, गप्प पडलेलं आहे. म्हणजे दुखत नाही नं?

हा प्रश्न विचारताना आईच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसते, आणि उत्तर द्यायला जिवावर येतं. गप्प असणं ही खात्री नाही.

क्षणभराच्या टोचण्याला बाळ जोरात प्रतिसाद देतं. पण दुखणं तासन्तास चाललं, पोटाचं ऑपरेशन असो, आतड्याला आलेली सूज असो, तर शरीर दमतं. ठोके पुन्हा नेहमीच्या जागी येतात, रडणं थांबतं, बाळ हातपाय सैल सोडून पडून राहतं, हात लावला तरी फारसं हलत नाही. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. अगदी कमी दिवसांच्या बाळात तर कधीकधी उलटंच होतं: टोचल्यावर ठोके वाढण्याऐवजी घसरतात आणि श्वास थांबतो. म्हणून मोठं ऑपरेशन झालेल्या बाळाला आकडे बिघडण्याची वाट न बघता औषध सुरू ठेवायचं असतं. काय झालंय हे माहीत आहे, ते दुखणारं आहे हेही माहीत आहे, मग पुरावा आणखी कसला हवा?

जगभरात वेदनेची जी व्याख्या मानली जाते तिच्यात २०२० साली सुधारणा झाली. सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं धरू नये, हे तिच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

बाळ व्हेंटिलेटरवर आहे, रडण्याचा आवाजही येत नाही. कसं कळणार?

नळी घशातून जाते म्हणून आवाज फुटत नाही, पण चेहरा रडतो. तोंड उघडं, भुवया आवळलेल्या, आवाज शून्य. ते बघता येतं. श्वासाची गती मात्र बरीचशी मशीनच्या हातात असते, म्हणून तिला फार महत्त्व देत नाही. स्नायू सैल करायचं औषध चालू असेल तर चेहराही हलत नाही, आणि मग ठोके आणि बीपी एवढंच हातात उरतं. इथे हे आकडे खरंच आधाराचे असतात. इतर वेळी ते साक्षीदारांपैकी एक असतात, इथे तेवढेच साक्षीदार.

पूर्वी म्हणे बाळांना भूल न देताच ऑपरेशन करायचे. खरं का?

दुर्दैवाने बरंचसं खरं आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक मोठ्या रुग्णालयांमध्येही नवजात बाळाला स्नायू सैल करायचं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य गुंगीचा वायू देऊन छाती उघडत. नसांवरचं आवरण पूर्ण झालेलं नाही म्हणून बाळाला दुखत नाही, अशी समजूत होती. वास्तविक दुखण्याचा संदेश नेणाऱ्या कितीतरी नसांवर मोठ्या माणसातही ते आवरण नसतंच.

हे चित्र बदलण्यात शरीरातल्या मापांचाच हात आहे. डॉ. कंवलजीत आनंद हे इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेले. ऑपरेशनहून परतलेली कमी दिवसांची बाळं इतकी खालावलेली का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट केले. एकाला नेहमीची भूल आणि सोबत फेंटानिल हे दुखणं थांबवणारं जोरदार औषध, दुसऱ्याला फेंटानिलशिवाय. मग रक्तातली तणावाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल न मिळालेल्या बाळांत ती कितीतरी जास्त चढली, आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. हा अभ्यास १९८७ साली छापला गेला. बाळं तर आधीही रडतच होती. पण रडण्यावर ज्यांचा विश्वास बसला नाही त्यांचा रक्तातल्या आकड्यांवर बसला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग आताही रक्त किंवा लाळ तपासून का बघत नाहीत?

लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं एक संप्रेरक, मोजता येतं, पण ते टोचल्यानंतर वीस-तीस मिनिटांनी वर जातं आणि रिपोर्ट त्याहून उशिरा येतो. अभ्यासाला ठीक, बाळाला आत्ता औषध द्यायचं की नाही यासाठी निरुपयोगी. आणि दुखतंय का हे बघायला रक्त काढायचं म्हणजे पुन्हा टोचायचं.

नवीन काही यंत्रं निघाली आहेत असं ऐकलं.

हो, आणि ती काय बघतात ते समजून घेण्यासारखं आहे. एक यंत्र तळव्याचा घाम मोजतं. दुखलं की तळव्यातल्या घामाच्या ग्रंथी चेततात आणि कातडीतून वीज सहज वाहते. ठोक्यांवर औषधांचा परिणाम होतो तसा यावर कमी होतो, हा फायदा. तोटा असा की साधारण ३६ आठवड्यांच्या आधी भावनेचा किंवा दुखण्याचा घाम नीट येतच नाही. म्हणजे ज्या बाळांसाठी गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते लंगडं पडतं.

दुसरं ठोक्यांच्या मधलं अंतर बघतं. शांत बाळाचे ठोके घड्याळासारखे एकसुरी नसतात, श्वासाबरोबर किंचित मागेपुढे होतात. दुखलं किंवा ताण आला की हा लवचिकपणा कमी होतो. फ्रान्समध्ये तयार झालेलं एक यंत्र त्यावरून ० ते १०० असा आकडा देतं. जास्त म्हणजे बाळ आरामात. तासन्तास चालणाऱ्या दुखण्यासाठी हे उपयोगी पडेल असं वाटतं. पण तेही आराम मोजतं. आराम नसण्याची कारणं अनेक.

तिसरा रस्ता थेट मेंदूचा. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी टाच टोचताना मेंदूतल्या रक्तप्रवाहातला बदल आणि ‘पिप’चे गुण एकाच वेळी नोंदवले. बहुतेक वेळा दोन्ही जुळले. काही वेळा मात्र बाळाचा चेहरा ढिम्म होता आणि मेंदूत प्रतिसाद उमटला होता. २०१५ साली ऑक्सफर्डमध्ये काही दिवसांच्या बाळांचा मेंदू एमआरआयमध्ये बघितला. तळपायाला बोथट टोच दिल्यावर मोठ्या माणसाच्या मेंदूचे जे २० भाग जागे होतात, त्यातले १८ बाळातही जागे झाले. हे सगळं अभ्यासापुरतं. रोजच्या वॉर्डात ही सोय नाही आणि लवकर येईल असंही नाही.

टोचण्याआधी जिभेवर साखरेचं पाणी देतात. त्याने खरंच काही होतं, की बाळाला फसवतात?

वाटतो तितका भोळा प्रश्न नाही हा, यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे. २४ टक्क्यांच्या आसपासचं साखरेचं द्रावण टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेच्या टोकावर थोडंसं दिलं की बाळ कमी रडतं, चेहरा कमी आवळतं, गुण कमी येतात. हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मग २०१० साली लंडनच्याच एका छोट्या अभ्यासात टाच टोचताना मेंदूतले विजेचे संकेत मोजले. साखर दिलेल्या बाळांचे गुण कमी आले, मेंदूतला संकेत मात्र जवळपास तेवढाच राहिला.

आता काय म्हणायचं? दुखणं तेच आणि फक्त चेहरा शांत, असं काही जण म्हणतात. मेंदूतला तो एक संकेत म्हणजे सगळं दुखणं नव्हे, असं दुसरे म्हणतात. मी अजूनही साखर देते, कारण बाळ लवकर सावरतं हे डोळ्यांसमोर दिसतं. पण ती टाच टोचण्यासारख्या क्षणभराच्या कामापुरतीच. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला, जी ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, एकटी साखर पुरत नाही. तिथे डोळ्यात बधिर करणारे थेंब, घट्ट गुंडाळणं आणि चटकन काम उरकणारा हात, तिन्ही लागतात.

घरी मात्र साखरपाणी नको. आणि मधाचं बोट तर वर्षभर नकोच, आजीबाई कितीही म्हणाल्या तरी. मधातले जंतू बाळाला लकवा आणू शकतात.

दिवसभरात किती वेळा टोचतात? कमी नाही का करता येत?

येतं, आणि दुखणं मोजण्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता कक्षांच्या २००८ साली छापलेल्या पाहणीत एका बाळाच्या वाट्याला दिवसाला सुमारे १० वेदना देणाऱ्या क्रिया येत होत्या, आणि बहुतेक वेळा त्यासाठी खास काही दिलेलं नव्हतं. तपासण्या एकत्र करून एकदाच रक्त काढणं, पूर्ण दिवसांच्या बाळात टाच पिळत बसण्यापेक्षा कुशल हाताने शिरेतून रक्त घेणं, कावीळ जमेल तेव्हा कातडीवरच्या यंत्राने बघणं, एवढ्यानेही फरक पडतो. “आजच्या सगळ्या तपासण्या एकदाच करता येतील का?” असं राउंडला नक्की विचारा. त्यात आगाऊपणा काही नाही.

आई म्हणून मी काय करू? मला तर आत जाऊच देत नाहीत.

कांगारू पद्धतीने उघड्या छातीवर धरलेल्या बाळाची टाच टोचली तर ते कमी रडतं, ठोकेही कमी उसळतात. अंगावर पाजत असताना टोचलं तरी तसंच. एवढं शक्य नसेल तर एक हात डोक्याशी आणि एक पायांशी ठेवून हातपाय पोटाजवळ गोळा करून धरा. वरवर थोपटू नका, स्थिर हात ठेवा. कमी दिवसांच्या बाळाला थोपटण्याचाच त्रास होतो आणि मॉनिटरवर तो दिसतोही. बालाघाट-छिंदवाड्याहून आलेल्या, कोपऱ्यात बसून राहणाऱ्या आयांना मी मुद्दाम सांगते: हात धुवा, गाउन घाला आणि विचारा. बहुतेक ठिकाणी आता आत घेतात.

घरी नेल्यावर बोटाचा ऑक्सिमीटर घ्यावा का?

नको. मोठ्यांच्या बोटाची ती क्लिप बाळासाठी बनलेली नाही. तिचे आकडे तुम्हाला रात्री दोन वाजता मेडिकल चौकात आणून सोडतील.

लस द्यायला अंगणवाडीत जातो, तिथे मॉनिटर नसतो. दुखलं किती ते कसं ओळखायचं?

तिथे ओळखायचं काही नाही. सुई दुखते. लस चालू असताना अंगावर पाजा, बाळाला उताणं दाबून न धरता मांडीवर उभं धरा, आणि दीड महिन्याच्या डोजला एकाहून जास्त सुया असल्या तर सगळ्यात झोंबणारी शेवटी द्यायला सांगा.

घरी एकसारखं रडतंय. पोटात दुखतंय की नजर लागली?

दीड महिन्याच्या आसपास, संध्याकाळी, दूध पिऊन वजन वाढणारं बाळ तासभर रडत असेल तर बहुधा ते वयाचं रडणं आहे. पण आधी त्याला पूर्ण उघडं करून बघा. पायाच्या बोटाभोवती आईचा केस गुंडाळलेला असतो, मोज्याच्या आतला दोरा आवळलेला असतो, मनगटावरचा काळा दोरा आठवड्याभरात घट्ट झालेला असतो. बोट लाल-निळं, सुजलेलं दिसलं तर लगेच या. जांघेत कडक गाठ, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दूध सोडणं, किंवा मघा सांगितलं तसं अचानक गप्प आणि सैल होणं, यापैकी काहीही असेल तर रात्र असो की कर्फ्यू, निघायचं. नजर काढायची असेल तर काढा, पण निघता निघता. पोटावर डागणी मात्र कोणी कितीही सांगितलं तरी नाही. मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात त्याने पोटाचं दुखणं जात नाही, भाजल्याचं दुखणं तेवढं वाढतं.

दुखण्याचे गुण चार्टवर लिहिले आहेत का, हे विचारलं तर चालेल?

चालेल. ताप, ठोके, श्वास यांच्या रकान्यांशेजारी दुखण्याचाही रकाना असायला हवा. तो रिकामा दिसला तर सिस्टरांवर चिडू नका, एका सिस्टरकडे किती बाळं आहेत ते आधी मोजा. मग राउंडच्या वेळी डॉक्टरांना विचारा: काल टोचताना काय दिलं होतं, आणि त्यानंतर बाळ सावरायला किती वेळ लागला?